म्हातारबा झोपलाय

आमच्या परसात डाळिंबाच्या झाडाशेजारी मातीचा एक ढीग आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, बांधकामाची माती उचलायची राहून गेली असावी. ढिगाला पूर्वेच्या अंगाला हातभर रुंदीचं तोंड आहे. ऑक्टोबर संपता संपता म्हातारबा त्या तोंडातून आत गेला, त्याला आता नऊ आठवडे होतील. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी तिथं उकिडवी बसते, आत डोकावते आणि उठून कामाला लागते. दिसत काहीच नाही.

आम्ही चँडलरला राहतो, अ‍ॅरिझोनात, फिनिक्सच्या आग्नेयेला. हा सगळा मुलूख सोनोरन वाळवंटाचा, आणि म्हातारबा इथला मूळ रहिवासी. जात सोनोरन वाळवंटी कासव. २०११ पर्यंत कोलोरॅडो नदीच्या दोन्ही अंगांची वाळवंटी कासवं एकच समजली जायची. त्या वर्षी शास्त्रज्ञांनी ह्या बाजूच्यांची जात वेगळी काढली. ह्या कासवांना रानातून उचलायला कधीचीच बंदी आहे. पण बंदीच्या आधी लोकांनी घरी आणलेली आणि घरांतच जन्मलेली अशी कितीतरी कासवं इथल्या परसांतून फिरताहेत. त्यांना परत रानात सोडता येत नाही. माणसांच्या घरातून ती श्वसनाचा एक सांसर्गिक रोग सोबत नेऊ शकतात आणि रानातली धडधाकट कासवं त्यात सापडतात. मग मालकाला नकोशी झालेली किंवा मालकामागं उरलेली कासवं राज्याचं वन्यजीव खातं लोकांना दत्तक देतं. राज्याबाहेर मात्र न्यायची नाहीत. हा नियम वाचून नवरा म्हणाला, "आपली नोकरी गेली तर व्हिसाच्या नियमानं साठ दिवसांत देश सोडायचा, आणि ह्याला राज्यसुद्धा सोडता येणार नाही. छान जोडी आहे."

तयारीला दोन महिने गेले. नवऱ्यानं एक्सेलमध्ये बिळाचा आराखडा काढला. अर्धं जमिनीत, अर्धं वर, काँक्रीटचे ठोकळे, वर फळ्या आणि त्यावर भरपूर माती. दुपारनंतरचं ऊन आत शिरायला नको म्हणून तोंड पूर्वेला. कुंपणाशी कण्हेर होती, पांढरी आणि गुलाबी, घराच्या आधीच्या मालकांनी लावलेली. कण्हेर विषारी. ती मुळासकट काढायला दोन शनिवार-रविवार लागले. त्या आठवड्यात आई भारतातून आली होती. "पूजेची फुलं उपटून कासव आणताय," एवढंच ती बोलली आणि तोडलेल्या फांद्या गोळा करायला वाकली.

मे २०२३ मध्ये तो आला. त्याची गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी कळली. मालक म्हातारे झाले, त्यांना वृद्धाश्रमात हलवलं आणि कासव गॅरेजमध्ये एका प्लॅस्टिकच्या टबात राहिलं. किती काळ, ह्याचं उत्तर घरातला एक जण दोन वर्षं देत होता, दुसरी चार. टब खिडकीशी ठेवला होता, म्हणजे ऊन मिळेल. पण काचेतून येणाऱ्या उन्हात उजेड असतो, ऊब असते. हाडं घट्ट करणारे जे अतिनील किरण कासवाला लागतात ते काच अडवते. खायला लेट्यूसची पानं, म्हणजे जवळजवळ पाणीच, आणि आठवण झाली की कुत्र्याचं खाणं. नाव ठेवलं होतं 'स्पीडी'. हा विनोद जगात किती कासवांवर झाला असेल कोण जाणे.

पहिल्या दिवशी मी त्याला पाहिलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. वरची चोच पोपटासारखी वाढून खाली वळलेली. नखं इतकी लांब की पाऊल तिरकं पडायचं. कवचाचा एकेक खवला सुटा फुगून वर आलेला, पाठीवर कुणी मोदक मांडून ठेवल्यासारखा. सरपटणाऱ्या प्राण्यांची डॉक्टर इथून पाऊण तासावर आहे. तिनं कवचाच्या कडेला अंगठ्यानं हलकेच दाबलं तर ते कोवळ्या शहाळ्यासारखं आत गेलं. एक्स-रेमध्ये हाडं असायला हवीत तिथं धुकं होतं. वजन २१४० ग्रॅम. त्याच्या लांबीच्या मानानं फार कमी. चोच तिनं छोट्या फिरत्या यंत्रानं घासून काढली, पण थोडीशीच. "सगळं एकदम नीट करायला जायचं नाही. वर्षांचं बिघडलेलं आहे, वर्षांनीच सुधारेल," ती म्हणाली. कवचाची मोदकं मात्र आता जन्मभर तशीच राहणार. नवं वाढेल तेवढं सपाट वाढेल.

मागच्या कडेला एक भोक होतं. पेन्सिल जाईल एवढं, आरपार, कडा झिजून गुळगुळीत झालेलं. मला वाटलं, दुखापत. डॉक्टरनं सांगितलं, पूर्वी लोक कवचाला ड्रिलनं भोक पाडायचे आणि दोरी ओवून कासव अंगणात बांधून ठेवायचे. कवच हा काही अंगावर चढवलेला डगला नसतो. ते जिवंत हाड आहे. बरगड्या आणि कणा त्यालाच जुळून एकजीव झालेले असतात. स्पर्श तिथंही कळतो.

घरी आल्यावर आईनं त्या भोकावरून बोट फिरवलं. ती साताऱ्याकडच्या दुष्काळी माण तालुक्यातली. गुरांत आयुष्य गेलेलं. "म्हंजे ह्येला दावं लावलं व्हतं," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "मुक्या जनावरातलं बी मुकं हाय गं हे. गाय निदान हंबरती तरी."

मला आधीच्या घरच्यांचा राग आला होता, तो त्या वाक्यानंतर जरा बाजूला झाला. त्यांनी छळ केला असं म्हणवत नाही. घरात आजारपण, कामाची धावपळ, आणि गॅरेजमध्ये एक असा जीव जो भूक लागली तरी ओरडत नाही, दार खाजवत नाही, आणि उपाशी राहूनही महिनोन्‌महिने मरत नाही. ज्याचा आवाज येत नाही त्याची आठवण किती घरांत राहते?

'स्पीडी' आईच्या तोंडात बसेना. ती त्याला म्हातारबा म्हणायला लागली. वय कुणालाच माहीत नाही. खवल्यांवरची वलयं मोजून वय कळतं हा गैरसमज आहे; बरं खाल्लेल्या वर्षात एकाहून जास्त वलयं पडू शकतात. डॉक्टरच्या अंदाजानं चाळिशीच्या पुढं, म्हणजे माझ्याच बरोबरीचा. ही कासवं सत्तर-ऐंशी वर्षंही जगतात, म्हणजे कदाचित तो आमच्यामागंही उरेल. व्याकरणाचीही एक गंमत झाली. पहिले पंधरा दिवस आम्ही सगळे 'ते कासव' म्हणत होतो. पुढं कधीतरी 'तो' झाला, कुणी ठरवलं नाही.

आता माझ्या चुका. पहिली अशी, की आठवड्याभरानं मैत्रिणी जेवायला आल्या आणि मी कौतुकानं म्हातारबाला दोन्ही हातांनी उचलून दाखवायला आणलं. त्यानं फुस्स करून मान आत घेतली आणि तांब्याभर पाणी माझ्या ड्रेसवर, फरशीवर सोडून दिलं. सगळ्या हसल्या. मीही हसत पुसलं. रात्री वाचायला बसले तेव्हा हात थंड पडले. वाळवंटी कासवाचं मूत्राशय ही त्याची पाण्याची टाकी असते. पाऊस पडला की पोटभर पिऊन ते पाणी तो आत साठवतो, शरीराच्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत, आणि कोरड्या महिन्यांत त्यातूनच परत पाणी शोषून घेत राहतो. घाबरला की ते सोडून देतो. रानात असं झालं आणि जवळ पाणी नसलं तर त्यानं जीवही जाऊ शकतो.

सकाळी आईला सांगितलं. तिला शरीरशास्त्र समजावायची गरज पडली नाही. दोन कोसांवरून डोक्यावर हंडा आणताना दारात ठेच लागून तो सांडला तर काय होतं, हे तिनं अनुभवलंय. "भरल्या हंड्याला हात लावत्यात व्हय कुणी?" ती म्हणाली आणि दिवसभर माझ्याशी तुटक बोलली.

त्या दिवसापासून उचलणं बंद. जमिनीत एक पसरट मातीची परात रुतवली, आठवड्यातून दोनदा तिच्यात कोमट पाणी. तो आपल्या पायांनी उतरतो, हनुवटी टेकवतो आणि वीस-वीस मिनिटं हलत नाही. वजनाची युक्ती आईची. स्वयंपाकघरातला काटा लहान पडला म्हणून पार्सलं तोलायचा सपाट काटा आणला होता. आईनं तो बीळ आणि जास्वंद यांच्या मधल्या वाटेवर जमिनीसरसा पुरला. म्हातारबा जास्वंदीकडं निघाला की काट्यावरून जातो. आम्ही आकडा वाचून घ्यायचा. तो नेमका मधोमध थांबेल अशी वाट बघायची, कधी दहा मिनिटं, कधी तो कडेनंच निघून जातो आणि मग उद्या.

खाण्याची चूक मात्र आमच्या दोघींची. अशक्त जिवाला आपण काय करतो? खाऊ घालतो. मी स्ट्रॉबेरी दिली, कलिंगड दिलं, तो डोळे मिटून खायचा, तोंड लाल व्हायचं, आम्हाला भरून यायचं. आईनं माझ्या नकळत दूधपोळी कुस्करून दिली होती, हे नंतर कळलं. चौथ्या दिवशी त्याला हगवण लागली. ह्या प्राण्याचं आतडं घास, गवत, रानभाजी अशा चोथ्यावर चालणारं. साखर आली की आतलं सगळं आंबतं. डॉक्टरनं दिलेली यादी मी आईला वाचून दाखवली. हरळी, जास्वंदीची फुलं आणि पानं, तुतीची पानं, द्राक्षाची पानं, निवडुंगाचं फड काटे भाजून. ऐकता ऐकता आईचा चेहरा खुलत गेला. "म्हंजे शेरडाचंच खाणं की!" आमच्या शेजारच्या मेक्सिकन दुकानात निवडुंगाचं सोललेलं फड भाजी म्हणून मिळतं, त्याचंही तिला फार अप्रूप. दुष्काळात आमच्या गावाकडं गुरांना काटे जाळून हेच घालायचे.

आणि उन्हाळा. २०२३ चा फिनिक्सचा उन्हाळा ज्यांनी काढला ते आता त्याच्याविषयी जुन्या पुराच्या गोष्टी सांगाव्यात तसे सांगतात. ३० जून ते ३० जुलै, सलग ३१ दिवस, रोजचं कमाल तापमान ११० फॅरनहाइट किंवा त्याहून वर, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या पुढं. दाराची कडी हाताला चटका द्यायची. म्हातारबा पहाटे साडेपाचला बाहेर येई, साताच्या आत परत. बिळात मात्र हात घातला की ओलसर गारवा. ही कासवं आयुष्याचा ९५ टक्के काळ अशी जमिनीखालीच घालवतात म्हणे.

त्या वर्षीच्या पावसाचं तर बोलूच नये. इथं १५ जून ते ३० सप्टेंबर ह्या काळाला चक्क 'मान्सून' म्हणतात. आई हे ऐकून सुखावली होती. तो मान्सून फिनिक्समध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कोरडा निघाला, विमानतळावर जेमतेम ४ मिलिमीटर. "दुष्काळ माझ्या मागनं विमानात बसून आला बग," आई म्हणायची. संध्याकाळी ती नळी घेऊन परसात उभी राहायची आणि बारीक फवारा हवेत उडवायची. म्हातारबाला खोटा पाऊस. तो कधी यायचा, कधी नाही.

त्या संध्याकाळी बोलायला भरपूर वेळ असायचा. वारकरी घरात वाढलेल्याला कासवीची दृष्टी वेगळी समजवावी लागत नाही. कासवीला पाजायला दूध नाही, पोटाशी धरायला पंख नाहीत; ती ह्या तीरावरून त्या तीरावरच्या पिल्लांकडं नुसती बघते, आणि तेवढ्यावर पिल्लं वाढतात. देवाची माया कशी, तर अशी. मी चार पुस्तकं वाचून शहाणी झालेली. आईला म्हटलं, अगं, खरी कासवीण खड्डा करून अंडी घालते, वर माती ओढते आणि निघून जाते. पिल्लांचं तोंडही बघत नाही.

"जाईना का," आई नळी न हलवता म्हणाली. "गेली म्हणून बघत नसंल कशावरनं?"

ह्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. पण आमच्या दोघींचं काम बघता बघता तेच होऊन बसलं होतं. उचलायचं नाही, भरवायचं नाही, गोंजारायचं तर नाहीच. नखं खरखरीत दगडावरून चालून आपोआप झिजणार, कवच उन्हानं आणि चुन्यानं आपल्या गतीनं घट्ट होणार. आम्ही बघायचं. डोळे स्वच्छ आहेत का, नाकाशी बुडबुडा आहे का, चालताना पोट जमिनीपासून उचललेलं आहे का, विष्ठा कशी आहे, लघवीबरोबर पडणारा पांढरा भाग मऊ आहे की खडूसारखा. ऑगस्टमध्ये एका सकाळी तो काट्यावर थांबला आणि आकडा आला २३१०. आई अंक वाचू शकते. तिनं तो तीनदा मोठ्यानं वाचला.

एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "तू बी एक ठेवलं हुतंस की, ल्हानपणी. हौदात." मला आठवत होतं. विहिरीत पोहरा टाकला की कधीकधी कासव वर यायचं. विहिरीत ते असलं की पाणी स्वच्छ राहतं असं मानायचे, म्हणून कुणी काढायचं नाही. मी हट्टानं एक ठेवून घेतलं होतं. मग दिवाळीला मामाच्या गावी गेलो. परत आलो तेव्हा हौद कोरडा आणि कासव नव्हतं. अण्णांनी त्याला परत विहिरीत सोडलं, असं मला सांगण्यात आलं होतं, आणि गेली पस्तीस वर्षं मी ते धरून होते. त्या संध्याकाळी आई पुढं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. फवारा चालू राहिला.

ऑक्टोबरमध्ये आई परत गेली. त्या पहिल्या हिवाळ्यात डॉक्टरनं त्याला झोपू दिलं नाही. हिवाळी झोपेत कासव महिनोन्‌महिने अन्नाशिवाय राहतं; ज्याच्या अंगात साठाच नाही त्याला त्या झोपेतून उठता येईल ह्याची खात्री नसते. म्हणून जेवणघराच्या कोपऱ्यात फळ्यांचा वाफा, वर उबेचा दिवा आणि अतिनील नळी. ह्या नळीचं एक सांगून ठेवते, कारण मी फसले असते. ती लखलखीत पेटत असते तरी काही महिन्यांनी तिच्यातून हवे ते किरण येणं कमी होतं. उजेडावर विश्वास ठेवायचा नाही, तारीख लिहून ठेवायची आणि बदलायची.

त्याच हिवाळ्यात पुण्याहून भाच्याचा निरोप आला. मावशी, मलाही कासव पाहिजे, एक जण 'स्टार' देतोय, वास्तूला चांगलं असतं. मी तिथल्या तिथं फोन लावला. पिवळ्या चांदण्यांच्या नक्षीचं ते तारा कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. २०२२ च्या दुरुस्तीनं त्याला पहिल्या अनुसूचीत घातलंय, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळा गुन्हा. ती कासवं बॅगांत कोंबून, पाय आत दुमडून चिकटपट्टीनं बांधून नेतात आणि त्यात कितीतरी मरतात. त्यांच्या पायांना लक्ष्मी बांधलेली असते असं मानणाऱ्यांनी एकदा तो ढीग बघावा. भाचा म्हणाला, मग तू कशी पाळतेस? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, मी पाळलेला नाही, उरलेला सांभाळतेय. त्याला ते पटलं की नाही माहीत नाही. देवळात शिरताना सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून पुढं जाणारी माणसं आपण. पितळेचं आणून पाण्यात ठेव, म्हटलं, वास्तूला तेवढं पुरे.

२०२४ च्या जुलैमध्ये एका संध्याकाळी धुळीची भिंत आली. मागून वारा, मग टपोरे थेंब. क्रिओसोट नावाचं एक झुडूप इथं सगळीकडं असतं, ते भिजलं की सबंध वाळवंटाला एक कडवट, औषधी वास सुटतो. मृद्गंधाची आठवण येते, पण हा वेगळा. म्हातारबा बिळाच्या तोंडाशी आला. मान पूर्ण लांब केली. मग उताराला, जिथं पाण्याची ओघळ येते तिथं जाऊन पुढच्या पायांनी माती ओढायला लागला. डावा पाय, उजवा पाय. उथळ खळगा केला, माती कडेला लोटली. पाणी येऊन साठलं आणि तो नाकापर्यंत तोंड बुडवून प्यायला. ही कासवं रानात पाऊस असा अडवतात हे वाचलं होतं. पण ज्यानं कित्येक वर्षं गॅरेजमध्ये काढली त्याला हे कुणी शिकवलं?

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडं सकाळचे सव्वासात, ती चुलीपुढं. फोन खळग्याकडं धरला. आमच्या गावात 'पाणी अडवा, पाणी जिरवा' शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. आईनं श्रमदानात ताली, म्हणजे पाणी अडवायचे बांध, घालताना पाट्या वाहिल्यात. ती बराच वेळ बघत राहिली.

"ताल घातली की गं ह्येनं," ती म्हणाली. "सरकार न्हाई, काय न्हाई."

त्या उन्हाळ्याअखेर काट्यावर २८६० आले. कवच दाबलं तर आता अंगठाच दुखतो. डॉक्टरनं ह्या वर्षी झोपू द्यायला हरकत नाही असं सांगितलं. ऑक्टोबरात खाणं आपोआप कमी झालं, मग थांबलं. एका दुपारी तो परसातून सावकाश एक फेरी मारून आला, परातीत उतरून भरपूर पाणी प्यायला आणि आत गेला. आत जाताना शेवटचं दिसलं ते कवचाच्या मागच्या कडेचं भोक. ते बुजणार नाही.

तेव्हापासून रोज माझ्या सकाळी आठला, म्हणजे आईच्या रात्री साडेआठला, फोन येतो. इकडचं-तिकडचं बोलून झालं की ती विचारते.

"बगितलंस का आज?"

"बघितलं."

"काय दिसलं?"

"माती."

"बरं," आई म्हणते आणि फोन ठेवते.